पांढऱ्यावरची लाली, आतली सूज

घाटी रुग्णालयाच्या नेत्रविभागात परिचारिका होते तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली की हमखास प्रश्न यायचा, "सिस्टर, शेजारच्या आजीचा डोळा स्वच्छ, माझाच लाल कसा?" पैठण-कन्नडकडून येणाऱ्यांचा मोतीबिंदू बऱ्याचदा पिकून टणक झालेला. तो काढायला डोळ्याच्या पांढऱ्या भागात 6-7 मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात. टाका सहसा लागत नाही. ती लाली बहुतेकदा तिथे पसरलेल्या रक्ताची, आपोआप ओसरणारी. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढताना, छेद 3 मिलिमीटरहून लहान, पारदर्शक पटलाच्या कडेला, म्हणून डोळा वरून शांत दिसतो.

खरी सूज आत असते. डोळ्यातल्या पाण्यात प्रथिनं आणि पेशी उतरतात; स्लिट लॅम्पच्या उजेडात ते धुरकट दिसतं. छेद लहान म्हणजे सूज कमीच, असं सरळ गणित नाही. दगडासारखा मोतीबिंदू फेकोनं फोडताना ध्वनिलहरींची ताकद जास्त लागते, त्याचा ताप आतल्या नाजूक भागांना होतो.

या आतल्या सुजेसाठी दोन्ही पद्धतींत स्टेरॉइडचे थेंब साधारण 4-6 आठवडे, डॉक्टर सांगतील तसे कमी करत. लोक मात्र लाली गेली की बाटली कोनाड्यात ठेवून मोकळे! दुखणं वाढलं, नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रविवार असला तरी.