न दिसणाऱ्या निशाणावर

‘गोलंदाज’ म्हटलं की आज डोळ्यांपुढे चेंडू घेऊन धावत येणारा बुमरा येतो. दोनशे वर्षांपूर्वी हा शब्द तोफेपाशी उभ्या असणाऱ्या माणसाचा होता. क्रिकेटने तो उसना नेला आणि परत केलाच नाही. भारतीय तोफखाना आपला स्थापनादिन 28 सप्टेंबरला पाळतो, कारण 1827 साली त्याच तारखेला मुंबई इलाख्याच्या फौजेत गोलंदाजांची एक तुकडी उभी राहिली. पुढे तीच ‘5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी’ झाली. म्हणजे देशाच्या तोफखान्याच्या वंशावळीत पहिलं नाव आपल्याच बाजूचं.

तोफ कुणाच्या हाती आहे याला किती मोल असतं, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली आणि तिथे सापडलेली इंग्रजांचीच तोफ मोठ्या टेकडीवर फिरवली. काही काळ पारडं डळमळलं. 1857 नंतर तर इंग्रजांनी डोंगरी बॅटऱ्या सोडून बाकी तोफा हिंदी शिपायांच्या हातून काढूनच घेतल्या. मैदानी तोफांची हिंदी तुकडी पुन्हा उभी राहायला जानेवारी 1935 उजाडावं लागलं, तीही बंगळूरला.

या तोफखान्यातून आलेले भूदलप्रमुख मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यांतले एक जन्माने मुंबईचे आणि मुळाने गोव्याचे : जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज. भूदलप्रमुखांत वैद्य, नरवणे आणि आपल्या नागपूरचे मनोज पांडे ही नावं मराठी माणूस अभिमानाने घेतो. रॉड्रिग्ज मात्र त्या यादीतून बहुधा सुटतात.

त्यांचा जन्म 19 सप्टेंबर 1933चा. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहण्यापूर्वी तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिकवणारी संस्था देहरादूनला होती. जानेवारी 1949 मध्ये तिची पहिली तुकडी दाखल झाली, त्यात रॉड्रिग्ज होते. त्याच तुकडीत लक्ष्मीनारायण रामदास आणि निर्मलचंद्र सुरी हेही होते. चार दशकांनी हे तिघे वर्गमित्र एकाच वेळी भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या प्रमुखपदी होते. रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या गावात शेती करत राहिले, म्हणून महाराष्ट्राला ते जास्त ओळखीचे.

रॉड्रिग्ज डिसेंबर 1952 मध्ये तोफखान्यात अधिकारी झाले. तोफखान्याचं काम कसं चालतं ते कळल्याशिवाय त्यांची कारकीर्द कळणार नाही. समजा, तोफ नागपूर जिल्ह्यातल्या आपल्या कुही तालुक्यात, वेलतूरच्या एखाद्या धानाच्या बांधीत उभी आहे आणि निशाण वैनगंगेच्या पल्याड, भंडारा जिल्ह्याच्या बाजूला झाडीआड आहे. तोफेवरच्या जवानाला ते दिसत नाही. आंभोऱ्याच्या टेकडीवर बसलेला अधिकारी दुर्बिणीतून बघतो आणि पहिला गोळा कुठे पडला ते कळवतो : इतका डावीकडे, इतका पुढे. मागे कोन, वारा, हवेचा दाब आणि दारूचं तापमान यांचा हिशेब होतो, आणि पुढचा गोळा अधिक जवळ पडतो. गोळा डागणारा वेगळा, बघणारा वेगळा, हिशेब करणारा वेगळा. यात एकट्याच्या पराक्रमाला जागा थोडी.

टेकडी नसेल तर हा बघणारा आकाशात जातो. हलक्या, बिनहत्यारी विमानातून गोळ्यांची दिशा सुधारणारे वैमानिक तोफखान्याचेच अधिकारी असत. रॉड्रिग्ज यांनी 1964 ते 1969 या काळात विमान आणि हेलिकॉप्टर दोन्ही चालवून हेच काम केलं. तोफखान्याच्या याच वैमानिक शाखेतून 1 नोव्हेंबर 1986 रोजी भूदलाचं स्वतंत्र हवाई दल निघालं.

त्यांच्या छातीवरची मोठी पदकंही याच जातीची. 1972 साली विशिष्ट सेवा पदक आणि पुढे परम विशिष्ट सेवा पदक. दोन्ही सेवेची, शौर्याची नव्हेत. उंच पहाडातल्या ब्रिगेडचं नेतृत्व, लंडनच्या संरक्षण महाविद्यालयातलं शिक्षण, महूला प्रशिक्षकाचं काम, भूदलाचं उपप्रमुखपद, पश्चिम विभागाची सूत्रं, असा पायरी-पायरीने चढत गेलेला हा माणूस 1 जुलै 1990 रोजी भूदलप्रमुख झाला. तेव्हा पंजाब, काश्मीर आणि आसाम एकदमच धुमसत होते. राष्ट्रीय रायफल्सची उभारणी याच सुमारास सुरू झाली आणि वैद्यकीय शाखांपलीकडे स्त्रियांना अधिकारी म्हणून घेण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला, 1992चा.

त्याच वर्षी या गोलंदाजाचा एक गोळा भलतीकडे पडला. एका इंग्रजी दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत, सुशासन हाही सैन्याच्या कामाचा भाग आहे, अशा अर्थाचं ते बोलून गेले. संसदेत गदारोळ उठला. संरक्षणमंत्री होते शरद पवार. रॉड्रिग्ज पदावर राहिले आणि 30 जून 1993 रोजी मुदत पुरी करूनच उतरले. पण लोकशाहीत गणवेशातल्या माणसाने किती बोलावं, याची मर्यादा त्या प्रकरणाने पुन्हा आखून दिली. माझ्या मते संसद रागावली ते योग्यच झालं. निशाण ठरवण्याचा हक्क तोफेचा नसतो. पुढे 2004 ते 2010 ते पंजाबचे राज्यपाल होते. 4 मार्च 2022 रोजी त्यांचं निधन झालं.

कुहीच्या माणसाला या सगळ्याचं काय? नकाशा बघा. पश्चिमेला नागपुरात अंबाझरीच्या कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं घडतात, पूर्वेला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारू तयार होते आणि दक्षिणेला भद्रावतीला गोळे भरले जातात. आपण या त्रिकोणाच्या आत राहतो. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या स्फोटात जे कामगार गेले, त्यांनी तोफ कदाचित कधी डागलीही नसेल. पण गोळा निशाणावर पडतो त्यात त्यांचाही वाटा असतो, आणि तो कुठल्याच पदकावर कोरलेला नसतो.

एप्रिल 2023 मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात दाखल झाल्या. प्रबोधिनीचं दार आता मुलींनाही उघडं आहे. तिच्या लेखी परीक्षेत नऊशेपैकी तीनशे गुण एकट्या गणिताचे असतात. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था याची तयारी करून घेते. तेव्हा मांढळ, वेलतूर, कुहीच्या शाळांतल्या गुरुजींना एकच विनंती : त्रिकोणमितीचा धडा आला की ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून पुढे जाऊ नका. पोरांना एकदा आंभोऱ्याच्या टेकडीवर न्या आणि पल्याडचं झाड किती लांब आहे, ते मोजायला लावा.