बाक कुणाच्या बळावर?

तंबोऱ्याला जशी तबली, तसा पियानोला साउंडबोर्ड. स्प्रूसच्या लाकडाची ही आठ-नऊ मिलिमीटर जाडीची फळी सपाट दिसते, पण तिला तारांच्या बाजूला किंचित बाक दिलेला असतो. तारा घोडीवरून जाताना फळीला खाली दाबतात आणि बाक त्या दाबाला तोंड देतो. 1700 च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला, तेव्हा तारा बारीक होत्या आणि ताणही बेताचा होता. 1825 साली बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले, 1859 साली स्टाइनवे कंपनीने ग्रँड पियानोत एकमेकींवरून तिरक्या जाणाऱ्या तारांची मांडणी आणली, आणि ताण वाढतच गेला. आज मोठ्या ग्रँड पियानोत तो एकूण वीस टनांच्या घरात असतो. त्याचा लहानसा अंशच फळीवर उतरतो, तरी तो शेकडो किलो भरतो. हा भार कुणी पेलायचा, यावर पियानो घडवणाऱ्यांचे आजही एकमत नाही.

एक पद्धत लाकडाच्या फुगण्यावर भिस्त ठेवते. फळी चारेक टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात, तिच्या पाठीवर लाकडाच्या रेषांना आडव्या अशा सरळ पट्ट्या सरसाने चिकटवतात आणि मग तिला नेहमीच्या हवेत आणतात. फळी ओल शोषून रुंदावू पाहते, पट्ट्या खालून धरून ठेवतात, म्हणून ती वर उचलली जाते. स्टाइनवेची परंपरा या पद्धतीची. दुसऱ्या पद्धतीत पट्ट्याच कमानीत कापतात. कमानीची त्रिज्या बहुधा 18 मीटरच्या आसपास, म्हणजे मीटरभर पट्टीच्या मध्याला जेमतेम 7 मिलिमीटर उंची. इथे फळी तितकी कोरडी करावी लागत नाही. तयार झाल्यावर दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात, पण पहिलीत पट्टी बाकाच्या विरुद्ध ओढत असते आणि दुसरीत त्याला खालून आधार देते. अनेक कारखाने दोन्हींचा मेळ घालतात, तेव्हा भांडण प्रमाणावर येते.

माझा कौल दुसऱ्या पद्धतीला आहे, कारण हिशेब तिच्या बाजूने आहे. ओलावा एक टक्क्याने वाढला की स्प्रूसची फळी रुंदीत साधारण 0.14 टक्के फुगते. पहिल्या पद्धतीची फळी चारवरून नऊ टक्क्यांवर गेली तर मीटरमागे 7 मिलिमीटर, आणि तेवढी जागा तिला मिळत नाही. आडव्या दिशेने स्प्रूस एक टक्क्याच्या आसपासच दाब सोसतो. पुढे त्याच्या पेशी चेंगरतात, त्या पूर्ववत होत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या खोलीतल्या लाकडाचा ओलावा सोळा टक्क्यांपर्यंत चढू शकतो. म्हणजे दाब 1.7 टक्क्यांच्या घरात. मग कोरडी हवा आली की चेंगरलेली फळी मूळ रुंदीपेक्षा कमी भरते आणि तिला चीर जाते. 1900 साली मेसन अँड हॅमलिन कंपनीच्या रिचर्ड गेर्ट्झने पियानोची कड फाकून बाक उतरू नये म्हणून खालून पोलादी सळ्या ताणण्याची युक्ती काढली. युक्ती कल्पक होती, पण ऱ्हास लाकडाच्या आत होत असेल तर कड आवळून तो थांबत नाही.

यावर पहिली हरकत अशी की, गेल्या शतकातले कितीतरी नावाजलेले पियानो फुगवलेल्या फळीचेच होते. खरे आहे. मात्र त्यांतल्या कित्येकांच्या फळीखाली आज दोरा ताणला तर बाक जवळजवळ दिसत नाही, आणि तरीही काही सुरेख वाजतात. त्यांच्या स्वराचे श्रेय फळीचे वजन आणि ताठपणा यांच्या तोलाला, तारांच्या मांडणीला, हातोड्यांनाही द्यावे लागते. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: पट्ट्यांवर भार टाकला तर त्या उंच कराव्या लागतात आणि आवाज ताठर होतो. तसे पियानो आहेतही. पण पट्टीची उंची, संख्या आणि टोकांकडचा निमुळतेपणा कारागिराच्या हातात असतो. चेंगरलेली पेशी कुणाच्याच हातात नसते.

म्हणून जुना पियानो घेताना केवळ दोऱ्याच्या भरवशावर सौदा मोडू नका. मधल्या आणि वरच्या सप्तकांतला एकेक सूर वाजवून तो किती वेळ टिकतो ते ऐका, आणि घरी आणल्यावर पावसाळाभर खोलीतली आर्द्रता आटोक्यात ठेवा.