रूपनाथचा शिलालेख आणि वियोगाची कल्पना

पूर्वीच्या सिहोरा तहसिलीतील, आता कटनी जिल्ह्यात मोडणाऱ्या रूपनाथचा अशोककालीन लघुशिलालेख मूलतः आत्मकथन आहे. अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक असूनही आपण फारसे उद्यमशील नव्हतो, संघाच्या सान्निध्याने झालो, ही राजाची कबुली. जंबुद्वीपातील ‘अमिसा’ देव आता ‘मिसा’ झाले, हे त्या उद्यमाचे फळ. (मराठीतील ‘मिसळणे’ याच कुळातले.) ब्रह्मगिरीच्या पाठात मात्र देवांशी मिसळतात ती माणसे. अर्थाविषयी मतभेद असले, तरी तुटलेपण प्रयत्नाने मिटते हा क्रम दोन्हीकडे आहे. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत तो ढळतो: प्रियाच्या नसण्यातच त्याच्या असण्याची जाणीव तीव्र होते. ‘अमृतानुभवा’त तर शिव-शक्तीचे दोनपणच लटके ठरते, मग मिसळायचे कोणी कोणात, हा प्रश्नच उरत नाही.