गर्विष्ठ यंत्रयोद्धा, साधा सोबती : ‘हायब्रो’ची गोष्ट

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या खेळण्यांमध्ये १९८७ साली ‘हेडमास्टर्स’ हा नवा गट दाखल झाला. त्यातील हायब्रो हा ऑटोबॉट पक्षाचा योद्धा. हेलिकॉप्टरचे रूप घेणारा हा यंत्रमानव स्वतःच्या विद्वत्तेचा गर्व बाळगतो, सहकाऱ्यांना कमी लेखतो आणि युद्धाला असंस्कृतपणा मानतो. नेब्युलॉस ग्रहावरील गॉर्ट हा त्याचा जोडीदार मात्र साध्या स्वभावाचा आहे.

विशेष चिलखत घातलेला गॉर्ट अंग दुमडून हायब्रोचे मस्तक बनतो. हेलिकॉप्टरच्या रूपात तोच चालकाच्या जागी बसतो.

मार्व्हल कॉमिक्सच्या कथेनुसार, शांततेच्या शोधात नेब्युलॉसवर आलेल्या ऑटोबॉट योद्ध्यांनी रहिवाशांचा विश्वास संपादन करण्यासाठी आपली मस्तके उतरवून दिली. पाठोपाठ डिसेप्टिकॉन हे त्यांचे शत्रू तेथे पोहोचले. तेव्हा ग्रहाच्या रक्षणासाठी काही रहिवासीच या योद्ध्यांची मस्तके बनले. जोडणी होताच दोघांची मनेही एकमेकांशी जोडली जातात.

परिणामी, बुद्धीचा अभिमान मिरवणाऱ्या हायब्रोला साध्या गॉर्टशिवाय रणांगणात उभे राहता येत नाही. खेळण्याच्या यांत्रिक रचनेतूनच या पात्राचा स्वभावविरोध आकाराला आला आहे.