बाँबे फोटोग्राफिक सोसायटी

बाँबे फोटोग्राफिक सोसायटी : छायाचित्रणकलेच्या प्रसारासाठी भारतात स्थापन झालेली पहिली संस्था. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनंतर (१८५३) दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १८५४ मध्ये, ती मुंबई येथे स्थापन झाली. तिचे स्वरूप हौशी होते. सदस्यांच्या सभांतून कृती व अनुभव यांची देवाणघेवाण, प्रदर्शने आणि नियतकालिकाचे प्रकाशन (१८५५ पासून) ही तिची प्रमुख कार्ये होत.

अशा संस्थेची गरज तत्कालीन तंत्रातून उद्‌भवली. फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या आर्द्र कलोडियन पद्धतीत (१८५१) काचेवर द्राव पसरून ती ओली असतानाच प्रकाशित व विकसित करावी लागे. उष्ण हवेत काच लवकर सुके. रसायने व भिंगे विलायतेहून येत. म्हणून काही दिवस आधी तयार करून ठेवता येणारा मेणकागदही येथे वापरात होता. हवामानानुसार कृतींत करावयाचे फेरफार ग्रंथांतून कळणे कठीण असे. ते परस्परांच्या अनुभवातूनच समजत.

संस्थेचे एक संस्थापक सदस्य विल्यम जॉन्सन यांनी विल्यम हेंडरसन यांच्या साहाय्याने द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम (१८५६–५८) हे मासिक संस्थेच्या आश्रयाने काढले. त्याच्या अंकांत मूळ छायाचित्रे चिकटविलेली असत. पश्चिम भारतातील वास्तू, वेशभूषा व व्यवसाय यांच्या अभ्यासास ती उपयुक्त आहेत.

संस्थेत यूरोपीयांचे प्राबल्य असले, तरी भारतीयांना सदस्यत्व खुले होते. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सदस्य होते. नारायण दाजी हे कुशल छायाचित्रकार असून कार्यकारी मंडळावरही होते. याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आद्य भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आले.

हे सहकार्य सर्वत्र टिकले नाही. कलकत्त्याच्या संस्थेचे (स्थापना १८५६) कोषाध्यक्ष राजेंद्रलाल मित्र यांनी निळीच्या मळेवाल्यांवर जाहीर टीका केल्यामुळे १८५७ मध्ये त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. कलाविषयक संस्थाही राज्यकर्ते व प्रजा यांच्यातील तेढीपासून अलिप्त राहू शकत नाही, हे यावरून दिसते.

पुढे ही संस्था लोप पावली. सुक्या काचपट्टिका व हातात धरण्याजोगे कॅमेरे आल्यावर छायाचित्रण सुलभ झाले. परंतु शिकण्याची, चित्रे मांडण्याची व त्यांवर जाणकारांचे मत मिळविण्याची गरज राहिलीच. ती ओळखून मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही हौशी छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (स्थापना १९६९) छायाचित्रांसाठी पिरामल कलादालनही पुढे उभारण्यात आले. खर्चिक आणि मोजक्यांच्या हाती असलेली विद्या सामायिक करण्याची जी प्रथा १८५४ मध्ये मुंबईत सुरू झाली, तिचेच हे पुढील टप्पे होत.