झोपेसाठी दुसरी गोळी : थोडे सबुरीने

बँकेची नोकरी म्हटली की बदली आलीच. माझे एक सहकारी नागपूरहून भोपाळला रुजू झाले, तेव्हा नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन हे औषध घेत होते. झोप मात्र येईना. नव्या शहरातील डॉक्टरांनी रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिन लिहून दिले. आधीच्या गोळीचा उल्लेख आमच्या मित्राने संकोचापोटी केलाच नव्हता. काही दिवसांत तोंडाला कोरड, भोवळ आणि छातीत धडधड सुरू झाली. वेळीच उलगडा झाला, म्हणून निभावले.

निद्रानाश हे नैराश्याचे प्रमुख लक्षण आहे. शिवाय फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांनीही काहींची झोप चाळवते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ कधीकधी ट्रॅझोडोन, मिर्टाझापिन अथवा अमिट्रिप्टिलिन हे गुंगी आणणारे दुसरे नैराश्यविरोधी औषध अल्प मात्रेत जोडतात. देखरेखीखाली ही योजना उपयुक्तही ठरते. खरा धोका नकळत होणाऱ्या मिश्रणात आहे.

फ्लुऑक्सेटिनमुळे यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या एका घटकाचे कार्य मंदावते. परिणामी अमिट्रिप्टिलिन रक्तात साठत जाते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. फ्लुऑक्सेटिन थांबविल्यावरही हा प्रभाव काही आठवडे टिकतो. दुसरा धोका म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा अतिरेक. थरथर, दरदरून घाम, कमालीची अस्वस्थता, जुलाब, ताप, स्नायूंचा ताठरपणा ही त्याची लक्षणे. नवे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर ती बहुधा २४ तासांतच दिसतात. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रत्येक वेळी दुसऱ्या गोळीची गरज असतेच असे नाही. पहिली गोळी रात्रीऐवजी सकाळी घेण्याने वा निद्रानाशावरील समुपदेशनानेही झोप सुधारू शकते. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा. चालू औषध परस्पर बंद करणेही अपायकारकच.

खात्यातील प्रत्येक नोंद आपण पासबुकात पाहतो. तशीच आपल्या सर्व औषधांची, नुकत्याच बंद केलेल्यांचीही, एक यादी जवळ बाळगावी आणि प्रत्येक डॉक्टरांना व औषधविक्रेत्यांना दाखवावी. मनाचा आजार सांगण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. नोंद अपुरी असेल, तर हिशेब चुकणारच. येथे तर प्रश्न जिवाचा आहे.