डोळ्यांत पाहिल्याने डोळे येत नाहीत

२०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली आणि वर्गावर्गांत काळे चष्मे दिसू लागले. “डोळे आलेल्याकडे बघू नको, तुलाही येतील,” हे केजमध्ये काय नि पुण्यात काय, अजूनही सांगितलं जातं. नुसत्या बघण्याने काही होत नाही. डोळा चोळलेला हात नळाच्या तोटीला लागतो, दुसरं पोर तीच तोटी धरतं आणि आपला डोळा चोळतं. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. मेडिकलमधून मनाने थेंब आणून घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्याला इजा होऊ शकते. साबणाने हात धुणं, टॉवेल वेगळा ठेवणं आणि डोळ्यांतून पाणी येणं थांबेपर्यंत पोराला घरी ठेवणं, एवढं पाळावं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मात्र या शहाणपणाच्या आड येतं. ते बंदच करावं, असं माझं मत आहे.

गोवराची गोष्ट वेगळी, तिथे साबण पुरत नाही. अंगावर उठलं की पोराला वेगळं ठेवायचं, हे घरोघरी ठाऊक आहे. पण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच ते पोर गोवर पसरवत असतं. विषाणू हवेतून जातो, रुग्ण खोलीबाहेर पडल्यावरही दोन तासांपर्यंत तिथे टिकतो. लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो गाठतो. ‘देवीचं आहे, औषध नको’ म्हणणाऱ्या घरांत न्यूमोनियाकडे दुर्लक्ष होतं, आणि जीव जातो तो बहुतेकदा त्यानेच. डॉक्टर अशा मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोसही देतात.

लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. केज तालुक्यातल्या ऊसतोड कुटुंबांची अडचण इथेच होते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि दुसऱ्या डोसची तारीख फडावरच उलटून जाते. ‘तारीख गेली, आता लस चालत नाही’ हाही गैरसमजच. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, मग तो दवाखाना सांगली-कोल्हापूरकडचा का असेना. लसीकरणाचं कार्ड तेवढं कोयत्याबरोबर गाठोड्यात बांधावं. पहिलीत नाव घालताना गुरुजींनीही जन्मदाखल्यासोबत ते मागावं.

डेंग्यूतून उठलेल्या मुलाला मात्र उगाच वेगळं बसवतात. डेंग्यू शेजारी बसून होत नाही. तो पसरवणारा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा रांजण कोरडा करा म्हणतात, पण जिथे नळालाच आठवड्याने पाणी येतं तिथे भरलेला रांजण कोण ओतेल? तिथे निदान त्याचं तोंड फडक्याने घट्ट बांधावं.